ओव्याची धुरी

काशी बाथरूममधल्या स्टुलावर टाचा उंचावून उभी होती आणि वरच्या जाळीला कान लावून तिसऱ्या मजल्यावरचा खोकला ऐकत होती... एक उबळ ओसरते न ओसरते तोच दुसरी उठत होती, आणि दोन उबळींच्या मधे पोर श्वास आत ओढायची तेव्हा जी बारीक शीळ वाजायची, ती ऐकून काशीच्या काळजाचं पाणी पाणी होत होतं. जाळीच्या पलीकडे इमारतीचा डक्ट होता. त्या अरुंद, अंधाऱ्या पोकळीतून वरच्या घरातला नळ ऐकू यायचा, भांडी ऐकू यायची, आणि तिच्या लाडक्या जिज्ञासाचा श्वाससुद्धा ऐकू यायचा.

जिज्ञासा म्हणजे काशीच्या धाकट्या दिराची, हितेशची पाच वर्षांची लेक. दुसरं वर्ष लागलं तेव्हापासून दम्याने गांजलेली. आता कुणी विचारेल, सख्खी काकी, मधे नुसते तीन जिने, मग ही बाई वर जाऊन पोरीला उराशी का धरत नाही, चोरासारखी भिंतीला कान का लावते? तर बाबांनो, तिला वर जायची बंदी होती!

आणि आज तर डोंगर पेटला होता. शिरगावच्या मागचा तो बोडका डोंगर, फाल्गुनात वाळलेल्या गवताने पिवळा पडलेला. कुणी म्हणे कुणीतरी विडी टाकली, कुणी म्हणे नवं गवत यावं म्हणून मुद्दाम पेटवला. कारण काही असो, सकाळपर्यंत धूर पलीकडच्या अंगाला जात होता म्हणून माणसं गच्चीवर चढून मोबाइलवर व्हिडिओ काढत होती. दुपारी वारा फिरला आणि गच्च्या ओस पडल्या. धूर वस्तीत उतरला, गल्लीत भरला, जिन्यात चढला. समोरची इमारत दिसेनाशी झाली. ऊन तांबूस, मळकट झालं. रस्त्यावरची कुत्रीसुद्धा दुकानांच्या फळ्यांखाली शिरून गप्प बसली होती.

हितेशने सकाळीच वरच्या घराच्या खिडक्या चिकटपट्टीने बंद केल्या होत्या. दारांच्या फटीत ओल्या चादरी कोंबल्या होत्या. त्याची बायको मनाली ठाण्याच्या ऑफिसातून निघाली होती आणि वाटेत अडकली होती. तो स्वतः उल्हासनगरला, कॅम्प चार ह्या भागातल्या एका सिंधी मित्राच्या दुकानातून हवा साफ करायचं मशीन आणायला गेला होता. घरात म्हातारी आई, कौसाबाई, आणि पोर. वाफेचं औषध द्यायचं यंत्र कसं लावायचं ते त्याने आईला तीनतीनदा दाखवलं होतं, आणि जाताना बजावलं होतं की दार कुणालाही उघडायचं नाही. ‘कुणालाही’ म्हणजे कुणाला, ते खाली जाळीजवळ उभ्या असलेल्या काशीला नीट समजलं होतं.

एकेकाळी हे सगळं असं नव्हतं. काशीचा नवरा बबन हितेशचा थोरला भाऊ. लग्नानंतर चार वर्षांत काविळीने गेला. मूल नव्हतं. बाराव्याला काशीचे भाऊ तिला माहेरी न्यायला आले, तेव्हा कौसाबाई दारात आडवी झाली आणि ठणकावून म्हणाली, “ही माजी सून नाय, लेक हाय. लेकीला कोन घराभाईर धाडतंय?” बस्स! त्या एका वाक्यावर काशीने आपलं अवघं आयुष्य ओवाळून टाकलं. हितेश तेव्हा शाळेत होता. त्याचा डबा, त्याचा अभ्यास, त्याचा ताप, त्याचे रुसवे, सगळं तिने काढलं. तो जेवायला बसला की पहिला घास तिच्या हातचा लागायचा, दाढीमिशी फुटली तरी! ‘वहिनी, तू जेवलीस का?’ असं विचारल्याशिवाय त्याने कधी ताटाला हात लावला नाही. आगरी माणसाची जीभ रांगडी असते म्हणतात, पण ह्या पोराच्या ‘तू’मध्ये केवढा गोडवा होता ते काशीलाच ठाऊक.

पुढे जुनं घर आणि परसातली जागा बिल्डरला दिली, इमारत उभी राहिली, बदल्यात वरचं मोठं घर आणि तळमजल्याची एक खोली मिळाली. हितेशचं लग्न झालं, जिज्ञासा जन्मली. कौसाबाईने बाळाला मांडीवर घेऊन रोज न्हाऊ घातलं, आणि न्हाणं झालं की धुरी दिली. निखाऱ्यावर ओवा टाकायचा, लसणाची सालं टाकायची, वेखंडाचा तुकडा ठेवायचा आणि त्या धुरावरून बाळाला फिरवायचं. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला रिवाज! हितेश तान्हा असताना कफाने काळानिळा पडला होता, डॉक्टर दूर, रस्ता पाण्याखाली, आणि कौसाबाईने धुरी देत देत त्याला जगवला, अशी तिची श्रद्धा. श्रद्धा कसली, तिच्या लेखी ते डोळ्यांनी बघितलेलं सत्य होतं.

पण जिज्ञासाला दमा निघाला. डॉक्टरांनी सांगितलं, ह्या पोरीच्या आसपास धूर नको. अगरबत्ती नको, मच्छरची कॉइल नको, फोडणीसुद्धा खिडकी उघडून. हितेशने देवघरातला धूपसुद्धा बंद केला. आणि तरी दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी पोरीला धापा टाकत दवाखान्यात न्यावं लागलं, आणि परत आल्यावर त्याला पलंगाखाली धुपाटणं सापडलं. विझलेले निखारे, अर्धवट जळालेला ओवा...

त्या दिवशीचा हितेश काशीने आधी कधी पाहिला नव्हता. डोळ्यांत रक्त उतरलेलं, आवाज फुटलेला. तो म्हणाला, ज्याने हे केलं त्याचं तोंड मी जन्मात बघणार नाही. खोलीत तिघीच होत्या. मनाली रडत होती. कौसाबाईने पदराचा बोळा तोंडात कोंबला होता आणि तिचे पाय लटलट कापत होते. काशीने एकदाच त्या पायांकडे पाहिलं. सत्तरी उलटलेली म्हातारी, एक लेक चितेवर घातलेला, उरलेला एकच... त्याने तोंड फिरवलं तर ती कशी जगेल? आणि आपलं काय, आपण तर आधीच रिकाम्या हातांच्या!

“मी दिली धुरी,” काशी म्हणाली.

हितेशने धुपाटणं उचललं आणि बाहेर नेऊन ठेवलं. मग म्हणाला, “वहिनी, तुम्ही उद्यापासून खालच्या खोलीत राहा.”

तुम्ही! शंभर शिव्यांनी जे झालं नसतं ते त्या एका शब्दाने झालं. तेव्हापासून काशी खाली राहत होती. तांदळाच्या भाकऱ्या करून दोन खानावळींना द्यायची. आधी मागच्या मोकळ्या जागेत चूल मांडली होती, चुलीवरच्या भाकरीला मागणी जास्त. पण चुलीचा धूर वर चढतो असं दिसल्याबरोबर तिने स्वतःच्या हाताने ती चूल मोडली आणि गॅसवर भाकऱ्या करू लागली. एका खानावळीने भाकऱ्या घेणं बंद केलं, तरी तिने हूं की चूं केलं नाही. तिला एकाच गोष्टीचं दुःख होतं. कौसाबाई त्या दिवसापासून एकदाही खाली आली नव्हती. गेटवर समोरासमोर आल्या तरी म्हातारी मान खाली घालून निघून जायची... जिच्यासाठी केलं, तिचीच नजर हरवली.

असो. तर काशी स्टुलावर उभी होती. वर वाफेच्या यंत्राची घरघर चालू होती आणि त्या घरघरीने तिला थोडा धीर येत होता. इतक्यात तिच्या खोलीतला पंखा मंदावला. बल्ब गेला. आणि वरची घरघरही थांबली. डोंगराच्या बाजूचे विजेचे खांब आगीत सापडले असणार. डक्टमध्ये एकदम इतकी शांतता पसरली की पोरीचा श्वास स्पष्ट ऐकू येऊ लागला... शीळ, थोडं थांबणं, पुन्हा शीळ. मग कौसाबाईची धावपळ, डबे उघडल्याचे आवाज, आणि तिचं भेदरलेलं पुटपुटणं, “आता गो काय करू माजे आये... आता काय करू...” मग गॅसची शेगडी पेटल्याचा खट्‌कन आवाज.

काशीने फोन लावला. हितेशचा लागेना. मनालीचा लागेना. ती पुन्हा स्टुलावर चढली आणि जाळीशी नाक नेलं तर आत गवताच्या धुराचा जळका, कोंदट वास भरलेला. पण त्याच्या खालून, हळूच, दुसराच एक वास उतरत होता... तिखट, कडवट, ओळखीचा. ओवा! आणि ओव्यामागून वेखंड.

सगळ्या खिडक्या पट्ट्यांनी बंद, दारात ओल्या चादरी, हवेला शिरायला बोटभर जागा नाही, आणि त्या बंद घरात ही म्हातारी धुरी पेटवतेय! आणि त्याच क्षणी तिला दुसरी गोष्ट उमजली आणि तिच्या पायांखालची जमीनच सरकली. कौसाबाईला कुणी कधी सांगितलंच नव्हतं की आई, तुमच्या धुरीने पोर मरायला टेकली होती. कोण सांगणार? गुन्हा तर काशीने आपल्या माथी घेतला होता. रागावायचं ते हितेश तिच्यावर रागावला, म्हातारी त्या रागाला भ्यायली, पण धूर का नको ते तिला कुणी समजावलं नाही. आपल्याला वाटलं आपण त्याग केला... अगं बाई, तू तर पोरीच्या उशाशी विस्तव झाकून ठेवलास!

ती धावत सुटली. जिन्यात धूर, डोळ्यांत धूर, पायरी दिसत नव्हती. पदर तोंडाशी धरून, कठड्याला चाचपत ती तिसऱ्या मजल्यावर पोचली आणि दोन्ही हातांनी दार बडवू लागली. आत खोकला होता, पण आता तो क्षीण झाला होता, आणि ते जास्त भयंकर होतं.

“आई, दार उघडा. मी काशी.”

आतून पावलं दाराशी येऊन थांबली.

“आई, मना वास आलाय. मना माहीत हाय तुमी काय पेटवलाय. मी कोनाला नाय सांगनार, तवा पन नाय सांगितला. पन दार उघडा, पोर जाईल आपली!”

कडी वाजली. दार उघडलं तशी धुराची एक लाट अंगावर आली. कौसाबाई दारात उभी, पांढरेफटक ओठ, डोळ्यांतून धारा. “मशीन बंद झाला गो... पोरीचा दम अडकला... मी हितेशला असाच वाचवला व्हता, असाच...” ती बोलत राहिली, पण काशी आत गेली होती. पलंगाजवळ लोखंडी कढई ठेवलेली, आत धगधगत्या करवंट्या आणि त्यावर ओव्याचा धूर. पलंगावर जिज्ञासा अर्धवट बसलेली, दोन्ही हात गादीत रोवून, खांदे वर, डोळे विस्फारलेले. ओठांना निळसर झाक. पाणी ओतावं तर वाफ आणि धूर दुप्पट होणार. फडकं शोधायला वेळ नव्हता. काशीने कढईचे दोन्ही कान उघड्या हातांनी धरले आणि उचलली.

तळव्यांची कातडी चरचरली. तोंडातून आवाज फुटला तर पोर घाबरेल म्हणून तिने ओठ दातांखाली धरला आणि तशीच, तशीच ती कढई घराबाहेर नेली, जिन्याच्या वळणावर ठेवली, तिच्यावर दाराबाहेरच्या झाडाची कुंडी पालथी घातली आणि परत आत धावली. हात कुठे आहेत ते तिला कळत नव्हतं, इतके जळत होते.

“जिजू, तुझा दम्याचा पंप कुठं हाय?”

पोरीला बोलता येत नव्हतं. तिने नुसती नजर दप्तराकडे वळवली. काशीने दप्तर पालथं केलं, पंप आणि मास्क बाहेर पडले. मनाली पंप द्यायची तेव्हा काय म्हणायची ते काशीने डक्टमधून कितीतरी वेळा ऐकलं होतं. मास्क तोंडावर, पंप दाबायचा, सावकाश श्वास घे राणी, घाई नाही, आता परत. बोटं वळत नव्हती म्हणून तिने पंप मनगटांत धरला आणि कौसाबाईला दाबायला सांगितला. म्हातारीने बोट ठेवून तो दाबला. एकदा, थांबून पुन्हा, थांबून पुन्हा. काशी मनालीच्याच सुरात पुटपुटत होती आणि मनातल्या मनात मलंगबाबापासून एकवीरेपर्यंत सगळ्यांना साकडं घालत होती.

शीळ थांबली नाही, पण पोरीच्या छातीत थोडी हवा शिरली. “मोठी आई,” ती कशीबशी म्हणाली. ही हाक काशीने किती दिवसांनी ऐकली होती! पण रडायलाही सवड नव्हती. घरात थांबण्यात अर्थ नव्हता. तिने ओला पंचा पोरीच्या नाकातोंडावर गुंडाळला, तिला कोपरांच्या घडीत उचललं आणि जिना उतरू लागली. मागून कौसाबाई, भिंत धरून.

तळमजल्यावर गेटातून हितेश आत येत होता. कडेवर मशीनचं खोकं, केसांवर राख. समोर लेक काशीच्या हातांवर, आणि काशीच्या अंगाला, पदराला, केसांना सुटलेला तो वास... त्याने तो वास ओळखला. खोकं त्याच्या हातातून खाली आलं.

“पुन्हा तुम्ही?” तो म्हणाला. “पुन्हा तेच?”

काशीच्या जिभेवर खरं आलं होतं. पण मागे जिन्यात तेच दोन कापरे पाय उभे होते, हे तिला न बघताच माहीत होतं. तिने नुसतं म्हटलं, “आधी पोरीला ने. मग मना काय बोलायचा ते बोल.” आणि तिने पोरीला पुढे केलं.

तेव्हा मागून कौसाबाईचा आवाज आला. चिरका, फाटका, पण ठाम.

“मी दिली धुरी. आज पन मीच, आन तवा पन मीच. हिनं खोटा सांगितला तुला... माज्यासाठी. मना तुजी भीती वाटली रे, हितेश. मी गप ऱ्हायले.”

हितेशने आईकडे पाहिलं, मग काशीकडे. त्याच्या चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं ते शब्दांत सांगणं कठीण. पण पोर खोकली, आणि तो भानावर आला. त्याने तिला छातीशी घेतलं, गेटाबाहेर धावला, धुरातून येणाऱ्या एका रिक्षाला आडवा झाला. चौघंही त्याच रिक्षात बसली. वाटभर तिघं पोरीचा श्वास मोजत राहिली.

दवाखान्यात गर्दी होती, सगळ्या वस्तीची फुप्फुसं त्या दिवशी तिथे गोळा झाली होती. जिज्ञासाला लगेच ऑक्सिजन लावला, औषध दिलं. मनाली धावत येऊन पोचली. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या की श्वास मोकळा होतोय, घाबरू नका, पंप दिला ते फार बरं झालं. मनालीने जे मिळेल ते माणूस मिठीत घेतलं, आणि ती होती काशी. तेव्हा कुठे काशी कळवळली. सगळ्यांनी तिचे हात पाहिले. तळवे फोडांनी भरलेले, पार सोललेले... भाकरी थापणारे तिचे ते हात!

नर्सने मलम लावून पट्ट्या बांधल्या. हितेश भिंतीला टेकून उभा होता. मग तो आईकडे वळला, आणि त्याच्या जबड्याच्या ठेवणीवरून काशीने ओळखलं की आता हा तिला तोडून बोलणार. ती मधे आली. म्हणाली, “तिला नको बोलू. तू काळानिळा पडला व्हतास तवा तिच्याकडं दुसरा कायच नव्हता रे, धुरीच व्हती. तिला कोनी सांगितला नाय की आता दुसरा इलाज हाय. सांगायचा व्हता ते मी झाकून ठेवला. चूक माजी पन हाय.”

हितेश आईशेजारी बाकावर जाऊन बसला, आणि थोड्या वेळाने त्याने तिचा हात हातात घेतला. समजावू लागला, लहान पोराला सांगावं तसं, की धूर कुठलाही असो, ओव्याचा असो की डोंगराचा, पोरीला तो विषच. म्हातारी मान हलवत होती आणि पदराने डोळे पुसत होती.

दुसऱ्या दिवशी पोरीला घरी सोडलं. डोंगर अजून धुमसत होता, पण वीज आली होती. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की घरातली लहानशी खोली निवडा, ती बंद करा आणि मशीन तिथे लावा, मोठ्या घरात त्याचा जीव पुरणार नाही. हितेशला फार विचार करावा लागला नाही. मशीन, गाद्या, पोरीचं दप्तर, सगळं तळमजल्याच्या त्या एका खोलीत आलं. कौसाबाई उंबऱ्यापाशी अडखळली. काशीने पट्टी बांधलेला हात पुढे केला, म्हातारीने त्या पट्टीवर कपाळ टेकलं आणि दोघी तिथेच, उंबऱ्यात, पोटभर रडल्या.

हितेश चिकटपट्टी घेऊन फटी बुजवत होता. बाथरूमची जाळी बंद करायला तो आत गेला, आणि बराच वेळ बाहेर आला नाही. मनालीने विचारलं, झालं का? काशी उठून दाराशी गेली.

तो स्टुलावर उभा होता, जाळीला कान लावून. वरच्या घरातला, त्याच्याच घरातला नळ नीट बंद झाला नव्हता. त्याचं टपटप पडणारं पाणी इथे स्पष्ट ऐकू येत होतं. त्याने स्टुलाकडे पाहिलं. लाकूड मधोमध झिजलेलं, दोन पायांच्या जागी गुळगुळीत. जाळीखालच्या भिंतीवर तळहाताचा काळसर डाग, रोज तिथे टेकून टेकून पडलेला. त्याला कुणी काही सांगायची गरज नव्हती.

तो खाली उतरला, बाहेर आला, आणि मनालीने मांडलेल्या ताटापाशी बसला. भाकरीचा तुकडा मोडला, कालवणात बुडवला. पण तोंडात घातला नाही. तो काशीच्या पट्ट्यांकडे बघत होता, आणि त्याचे ओठ शाळेतल्या पोरासारखे थरथरत होते.

“वहिनी,” तो म्हणाला, “तू जेवलीस का?”

काशीने नुसती मान हलवली, नाही म्हणून. त्याने घास तिच्या तोंडापाशी नेला, आणि कोपऱ्यात गादीवर जिज्ञासा शांत झोपली होती, तिचा श्वास आता स्टुलावर न चढताही ऐकू येत होता.